सूत

आंधळगावच्या फाट्यावर टिनाचं शेड, त्यात माझा लेथ.
मोटारपंपाचे शाफ्ट येतात, थ्रेशरचे दाते,
एखाद्या वेळी सायकलचा वाकडा कणा.
बत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात फिटर होतो
हे आता फक्त बोटांना आठवतं.

मे महिन्यात कापगत्यांची प्रणोती आली,
खांद्याला लांब पेटी, पिशवीत ॲल्युमिनियमचा सांगाडा.
"लाकूड फुगते जी आबाजी, पावसाळ्यात.
आज नेम बसवला, त उद्या दोन रेघा खाली."
आधी लायसन दाखव म्हटलं. दाखवलं.
चेंबर पाहिलं, रिकामं. मग तिला पाहायला लावलं,
मग पुन्हा मी.

दोन स्क्रू सुटले आणि रायफल
नुसतं पोलाद उरली.
लाकडावर तिच्या गालाचा डाग होता, तीन वर्षांचा.
ते कोपऱ्यात टेकवून ठेवलं, तोंड भिंतीकडे.

पोलादाला निळी लावली, नखाएवढी, पुसून पुसून पातळ.
सांगाड्यात बसवलं, उचललं.
निळा ठिपका मागे एक, डाव्या कोपऱ्यात एक,
मधली सगळी जागा कोरी.
म्हणजे खाटेचे दोनच पाय जमिनीला.
डायल नळीला लावून पुढचा स्क्रू सैल केला:
सुई सात थाऊ उडाली.
स्क्रू आवळून झाकता येतं हे.
कारखान्यात झाकलेलं पाहिलंय मी.

खरवडणी घेतली. जिथं निळं, तिथंच घासायचं,
आणि हात असा की दुखऱ्या हिरडीवरून फिरतोय.
पुन्हा निळी, पुन्हा खरवड.
चौदा वेळा, की सोळा. प्रणोतीनं मोजणं सोडलं,
माठातलं पाणी दोनदा आणून दिलं.
उन्हं उतरता उतरता सुई अर्ध्या थाऊवर
थरथरली, थांबली.
लाइटबिलाचा कागद नळीखालून सरकवत नेला,
कुठंच अडला नाही.
डिझेलमध्ये भिजवलेल्या पॉलिशपेपरनं कडा मोडल्या.
चकाकी मारून टाकली. नेम धरताना डोळ्याला
आपलंच काम चमकून दिसू नये.

तिनं गाल टेकवला आणि झटक्यात मागे.
"पोळते ना जी!"
दुपारचे शेचाळीस अंश अजून धातूत बसलेले.
दिवसभर मी थाऊ मोजले,
गाल मोजायचा राहिला.

शेजारी सेवकराम निनावे कोसा विणतो.
अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मागाचा रूळ मी कातून दिला होता,
एका टोकाला अर्धं सूत कमी भरला. ठाण तिरपं उतरलं.
तेव्हापासून आमच्या कुंपणावरून
दोडक्याचा वेल तेवढा येजा करतो.
पोरीला हे ठाऊक नव्हतं. ती गेली
आणि त्याला घेऊनच आली,
हातात सुई, दोरा, मधाच्या रंगाची कोशाची पट्टी.

त्यानं गालपट्टी बोटानं चाचपली, खालून,
जिथं कुणाची नजर जात नाही.
तिथंही कड मोडलेली होती.
बोट तिथं जरा जास्त वेळ राहिलं.
"किती सूत ताणू?"
"अर्धं."
"तुह्यं सूत का माह्यं?"

मी हसलो नाही. तोही नाही.

प्रणोतीनं डोळे मिटून गाल ठेवला, मग उघडले.
काचेत काय दिसलं ते तिचं तिला.
मला मोतीबिंदू, भिंतीवरचं कॅलेंडरही धुकं.
पण तिची मान शोधत फिरली नाही,
श्वास गेला आणि परत यायला त्यानं वेळ घेतला.

निनावेनं दोरा दातानं तोडला.
दारात थांबला, पाठमोराच:
"दुपारचा लेथ कमी चालवत जाय, बापू.
माही बुढी झोपते."